तेज आणि क्षमा, एकाच ओळीत

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १ ते ३ आणि २१. सोबत महाभारताच्या वनपर्वातला द्रौपदी-युधिष्ठिर संवाद.



शुक्रवारी ऑफिसात एक प्रकार झाला. आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे, पहिलीच नोकरी, अजून सहा महिनेही झाले नाहीत. एक काम फसलं आणि आमच्या साहेबांनी वीस जणांच्या देखत त्याला अक्षरशः सोलून काढलं. चूक त्याची नव्हती. तसं करायचं हे साहेबांनीच ठरवलं होतं, आणि ते सांगणारं मेल माझ्याकडेही आलेलं होतं. मी काय केलं? काही नाही. लॅपटॉपकडे बघत बसले. मनात दुसऱ्या अध्यायातली स्थितप्रज्ञाची लक्षणं आठवली, राग आवरता आला म्हणून स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. रात्री घरी पोचले तेव्हा आईनं विचारलं, आमटी गरम करू का. आणि मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला असावा.

आई काही बोलली नाही. आमटी गरम करून ओट्यावर ठेवली आणि झोपायला गेली.

शनिवारी सकाळी नेमाप्रमाणे वाचायला बसले तर नेमका सोळावा अध्याय समोर. यात देव दैवी गुणांची यादी सांगतात. दुसऱ्या श्लोकात अक्रोध आहे. पुढच्या श्लोकाची सुरुवातच तेज आणि क्षमा या दोन शब्दांनी होते, अगदी शेजारी शेजारी. तेज म्हणजे अन्याय खपवून न घेणारा कणखरपणा, आणि क्षमा म्हणजे क्षमा. पुढे एकविसाव्या श्लोकात क्रोधाला थेट नरकाच्या तीन दारांपैकी एक म्हटलंय. आणि हे सगळं कुणाला सांगणं चाललंय? तर ज्यानं धनुष्य खाली टाकलं होतं त्याला, त्यानं ते परत उचलावं म्हणून! म्हणजे राग नको, पण लढ. कुणाचा द्वेष करू नको, पण बाण सोड. आणि सांगणारा स्वतः पुढे भीष्मपर्वात रथातून उडी मारून भीष्मांवर धावून जातो. मला हे आधीही खटकलं होतं, पण तेव्हा प्रश्न पुस्तकातला होता. शुक्रवारनंतर तो माझा झाला.

हा प्रश्न आपल्याच शहरातल्या एका माणसाला आयुष्यभर पुरला, म्हणून आज त्याच्याबद्दल लिहिते. लोकमान्य टिळक. थांबा, लगेच स्क्रोल करू नका. टिळक म्हटलं की आपल्याला शाळेतली वक्तृत्व स्पर्धा आठवते, डोक्यावर पुठ्ठ्याची पगडी आणि शेंगांच्या टरफलांची गोष्ट. मीही ती गोष्ट तिसरीत ठासून सांगितली होती आणि कंपासपेटी जिंकली होती. पण पुतळ्यातल्या टिळकांपेक्षा गीता वाचत बसलेले टिळक मला फार उशिरा भेटले.

त्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक, त्यांची बदली पुण्याला झाली म्हणून १८६६ मध्ये कुटुंब इथं आलं. थोड्याच दिवसांत आई गेली. १८७२ मध्ये वडील शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले, तेव्हा गीतेवरची एक मराठी टीका त्यांना वाचून दाखवायचं काम बाळवर आलं. वय सोळा. गीतेशी आपली ओळख अशी झाली हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय. मला या चित्राचं फार अप्रूप वाटतं. आपल्यातल्या कितीजणांनी गीता पहिल्यांदा कुणासाठी तरी वाचली असेल? वडील त्याच वर्षी गेले.

पुढचं भराभर सांगते, कारण ते तुम्हाला माहीत आहे. डेक्कन कॉलेज, गणित, मग वकिलीचं शिक्षण. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. या सगळ्यात बरोबर होते गोपाळ गणेश आगरकर. कोल्हापूर संस्थानच्या प्रकरणात १८८२ साली दोघांना अब्रुनुकसानीची शिक्षा झाली आणि दोघांनी मिळून मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. एकत्र तुरुंगात गेलेले हे मित्र नंतर इतके फाटले की आगरकरांनी केसरी सोडून १८८८ मध्ये सुधारक काढलं आणि दोघं एकमेकांवर छापील शब्दांनी तुटून पडायला लागले. दोघांची लेखणी धारदार होती आणि दोघांनाही सोडून देणं माहीत नव्हतं.

टिळक रागीट होते का? माझ्या मते होते. आणि त्यांचा सगळाच राग मला पटत नाही, हेही आत्ताच सांगून टाकते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचंच बघा. मुलीचं संमतिवय दहावरून बारावर न्यायचं होतं. नवऱ्याच्या जबरदस्तीनं एक लहान मुलगी बंगालमध्ये मेली, त्यानंतर हा विषय पेटला होता. टिळकांचा विरोध परक्या सरकारनं आपल्या घरात हात घालू नये यासाठी होता, हा मुद्दा मला समजतो. तरी त्या काळातलं ते भांडण वाचताना, पंडिता रमाबाईंवर केसरीतून झालेली टीका वाचताना, माझ्या पोटात गोळा येतो. इतका बुद्धिमान माणूस, इतकं तेज, आणि ते त्या मुलींच्या बाजूनं उभं राहिलं नाही. हे लपवून त्यांचं चरित्र सांगायचं असेल तर पुठ्ठ्याची पगडीच बरी.

मग १८९७ आलं. पुण्यात प्लेग. टिळक गाव सोडून गेले नाहीत, त्यांनी हिंदू रुग्णांसाठी इस्पितळ उभं करायला पुढाकार घेतला. प्लेग हटवायला रँडच्या हाताखाली जे सोजीर घराघरात शिरले, त्यांनी देवघरं विटाळली, बायकांची झडती घेतली, अशी गावभर संतापाची लाट होती. जूनमध्ये शिवाजी उत्सवात टिळक अफझलखानाच्या वधावर बोलले. आपल्या आजच्या विषयाचा धोका इथं आहे, म्हणून नीट वाचा. महाराजांनी खानाला मारलं त्यात पाप होतं का, याचं उत्तर त्यांनी गीतेतून दिलं: स्वतःच्या पोटासाठी नव्हे तर लोकांसाठी, फळाची इच्छा न धरता केलेल्या कर्माचा दोष लागत नाही. १५ जूनच्या केसरीत हे छापून आलं. आठवड्यानं, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या.

खुनाशी टिळकांचा संबंध कोर्टात सिद्ध झाला नाही, तो आरोपही नव्हता. आरोप राजद्रोहाचा होता आणि सप्टेंबरमध्ये त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पण मला दुसरीच गोष्ट सतावते. माझा राग निष्काम आहे हे ठरवणार कोण? रागावलेला प्रत्येक माणूस स्वतःला निष्कामच समजतो. आमचे साहेबही शुक्रवारी कंपनीच्या हितासाठीच ओरडत होते, विचारा हवं तर.

टिळकांनाही हा प्रश्न सुटल्यासारखा वाटला नसावा, कारण पुढे मोकळा वेळ मिळाल्यावर ते याच प्रश्नाकडे वळले. मोकळा वेळ म्हणजे मंडाले! १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला बाँब फुटला, दोन इंग्रज बायका मेल्या. केसरीनं त्यावर लेख लिहिले, दडपशाहीतूनच असं माथेफिरूपण उगवतं असा त्यांचा रोख होता. २४ जूनला मुंबईत सरदारगृहात टिळकांना अटक झाली. खटला चालला न्यायमूर्ती दावरांपुढे. गंमत बघा, १८९७ मध्ये हेच दावर टिळकांना जामीन मिळावा म्हणून वकील या नात्यानं उभे राहिले होते. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली, अनेक दिवसांत मिळून २१ तासांहून जास्त. २२ जुलैच्या रात्री ज्युरीनं सात विरुद्ध दोन अशा मतांनी दोषी ठरवलं. सहा वर्षं काळं पाणी. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती. निकालानंतर ते जे दोन-तीन वाक्यं बोलले ती आज मुंबई हायकोर्टात दगडावर कोरलेली आहेत. मी ती इथं देत नाही, जाऊन वाचा. त्यात न्यायाधीशाबद्दल एक वाईट शब्द नाही.

मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात लाकडी फळ्यांची खोली, उन्हाळ्यात भट्टी. मधुमेह असल्यामुळं खाणं मोजून मापून. लिहायला सुटे कागद नाहीत, पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या, शाई नाही, पेन्सिल. या पेन्सिलीनं १९१०-११ च्या हिवाळ्यात, चार-पाच महिन्यांत, त्यांनी गीतारहस्य लिहून काढलं. पंधरा प्रकरणं, शिवाय गीतेचं भाषांतर आणि टीपा.

यातलं दुसरं प्रकरण, कर्मजिज्ञासा, खास आपल्यासाठी आहे असं मला वाटतं. टिळक इथं शास्त्रातल्या विसंगती लपवत नाहीत, एकापुढे एक मांडतात. हिंसा करू नको म्हणणारं शास्त्रच अंगावर चालून येणाऱ्या आततायीला मारायला सांगतं. खरं बोल म्हणणारं शास्त्रच काही ठिकाणी थांबवतं. आणि क्षमेचा विषय येतो तेव्हा ते वनपर्वातली प्रल्हाद आणि बळीची गोष्ट काढतात.

ती गोष्ट सांगते द्रौपदी. द्यूत होऊन गेलंय, वनवास चालू आहे आणि युधिष्ठिर शांत आहे. ती शांती तिला सहन होत नाही. ती म्हणते (माझ्या शब्दांत), तुम्हाला राग कसा येत नाही? मग गोष्ट: बळीनं आजोबांना विचारलं, क्षमा बरी की तेज? प्रल्हाद म्हणाला, सदा तेजही बरं नाही आणि सदा क्षमाही बरी नाही. कायम क्षमा करणाऱ्याला नोकरचाकरही जुमानत नाहीत, त्याच्या वस्तू खुशाल वापरतात, त्याला वाटेल ते बोलतात. कायम रागावणारा दोषी-निर्दोष न बघता दंड करतो, आणि घरात शिरलेल्या सापाला भ्यावं तसे लोक त्याला भितात. मग क्षमा कुणाला? ज्यानं पूर्वी आपल्यावर उपकार केले त्याला, ज्याच्या हातून न कळत चूक झाली त्याला, आणि पहिल्या अपराधाला सगळ्यांनाच. जाणूनबुजून करून वर कळलंच नाही म्हणणाऱ्याला नाही.

सापाची उपमा वाचली आणि मी पुस्तक मिटलं. आमच्या घरात शुक्रवारी रात्री कोण शिरलं होतं ते कळलं. निर्दोषाला दंड, तोही आमटीवरून. आणि ज्याला उत्तर द्यायला हवं होतं त्याच्यापुढे मी स्थितप्रज्ञ!

थोड्या वेळानं परत उघडलं, कारण पुढच्याच अध्यायात युधिष्ठिराचं उत्तर आहे आणि ते द्रौपदीच्या तोडीचं आहे. तो म्हणतो, रागाला रागानं, शिवीला शिवीनं उत्तर देत गेलं तर बाप मुलाला मारेल, मुलगा बापाला, माणूस उरणारच नाही. आणि मग तो एक बारीक फरक सांगतो. ज्याला जाणते लोक तेजस्वी म्हणतात त्याच्या आत राग नसतो, रागालाच तेज समजणं हा अजाण लोकांचा गोंधळ आहे. आता सोळाव्या अध्यायाची यादी परत बघा. अक्रोध आणि तेज एकत्र कसे नांदतात हे मला इथं पहिल्यांदा दिसलं. टिळकांनी बाराव्या प्रकरणात निर्वैर या शब्दाचा अर्थ असाच फोडलाय: वैर नसणं म्हणजे मनात द्वेष नसणं, प्रतिकार न करणं नव्हे. त्यांचा प्रल्हादाबद्दलचा एक शेराही मोलाचा आहे. अपवाद सांगितले, पण अपवादाचा प्रसंग ओळखायचा कसा हे तत्त्व कळल्याशिवाय नुसते अपवाद वापरणारा माणूस वाट चुकेल. १८९७ नंतर हे लिहिणं सोपं गेलं नसेल, असं मला वाटतं.

मंडालेत असतानाच, जून १९१२ मध्ये, पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या. तार आली. १९१४ च्या जूनमध्ये सरकारनं त्यांना मध्यरात्रीच्या सुमारास पुण्यात घरापाशी आणून सोडलं. गीतारहस्याच्या वह्या सरकारनं लगेच परत केल्या नाहीत. त्या मिळाल्यावर १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गोपाळ कृष्ण गोखले वारले. टिळक आणि गोखल्यांचं वैर, खरं तर वैर म्हणावं का हाच प्रश्न आहे, सगळ्या देशाला माहीत होतं. १९०७ मध्ये सुरतेच्या काँग्रेसमध्ये खुर्च्या आणि जोडा उडाला तेव्हा टिळक व्यासपीठावर हाताची घडी घालून उभे राहिले, आणि त्यांच्या अंगावर धावून येणाऱ्यांना अडवायला जे पुढे झाले त्यात गोखले होते. पुढेही दोघांचं पटलं नाहीच, गोखले गेले त्या दिवसांतही वाद धुमसत होता. टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली आले, अंत्ययात्रेला गेले आणि स्मशानात गोखल्यांचा गौरव करणारं भाषण त्यांनी केलं. आगरकर १८९५ मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले तेव्हाही केसरीतला मृत्युलेख टिळकांचाच होता. प्रतिकार पुरता केलेला, आणि आत काही साचून राहिलेलं नाही? की माणूस गेल्यावर क्षमा करणं सोपं जातं? मला दोन्ही शक्य वाटतं.

शेवटचा प्रसंग मला सगळ्यात आवडतो. जानेवारी १९२०. गांधीजींनी यंग इंडियात लिहिलं की टिळकांच्या मते राजकारणात सगळं चालतं. टिळकांना ते लागलं. १८ जानेवारीला त्यांनी पुण्याहून पत्र पाठवलं. त्यांचं म्हणणं असं की राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नाही. रागाला अक्रोधानं जिंकावं ही बुद्धाची शिकवण, त्यापेक्षा जो जसा येईल त्याला तसा मी भेटतो असं श्रीकृष्ण चौथ्या अध्यायात सांगतात ते आपल्याला जवळचं. दोन्ही वाटा सारख्याच प्रामाणिक आणि धर्माच्या आहेत, एक या जगाला जास्त लागू पडते एवढंच. गांधीजींनी पत्र छापलं आणि खाली उत्तर दिलं: जग साधूंसाठी नाही असं मानणं हा मनाचा आळस आहे, आणि बुद्धाचं वचन व गीतेचं वचन यांत आपल्याला विरोध दिसत नाही. ६३ वर्षांचा माणूस आणि पन्नाशीचा माणूस, दोघंही गीता उशाशी ठेवणारे, आणि एकाच श्लोकाचे दोन अर्थ. सहा महिन्यांनी, १ ऑगस्ट १९२० ला, टिळक सरदारगृहात वारले. खांदा द्यायला गांधीजी होते.

माझं मत विचाराल तर शनिवारी दुपारी मी टिळकांच्या बाजूची होते, रात्री गांधीजींच्या. रविवारी संध्याकाळी केसरीवाड्यावरून चालत आले. गणपतीत मानाच्या पाचव्यासाठी तिथं पाय ठेवायला जागा नसते, आज आत दोन-चार माणसं होती. घरी येऊन मेल लिहायला बसले. साहेबांना, त्या वीस जणांना कॉपी न करता. पहिला मसुदा वाचला तर त्यात सात विशेषणं होती. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात फक्त तारीख, ते जुनं मेल, आणि त्या मुलाची चूक नव्हती हे त्याच मीटिंगमध्ये सांगावं ही विनंती. पहिल्या अपराधाला क्षमा, पण हा पहिला नाही. वाचताना अजून हात थरथरतो, म्हणजे राग गेलेला नाही. मेल ड्राफ्टमध्ये आहे. मीटिंग उद्या अकराला, मी नवाला पाठवणार.

आईला मात्र आत्ताच जाऊन सांगितलं, शुक्रवारचं माझं चुकलं. तिनं भाजी निवडता निवडता मान वर न करता विचारलं, जेवायला वाढू का.

उद्याचं वाचन: अध्याय १६, श्लोक ४ आणि ५. राम कृष्ण हरी.